मला कॉफीने काही होत नाही!

आमच्या घराण्यात हे वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलंय. "मला कॉफीने काही होत नाही. दहाला कप रिकामा करतो आणि सव्वादहाला घोरतो!" बाबा म्हणतात, मामा म्हणतो, आत्या तर अगदी अभिमानाने म्हणते. (वाचणाऱ्या नातेवाईकांनी रागावू नये. रागावलात तरी कॉफीला या, फक्त सकाळी!)

या वाक्याशी माझं भांडण आहे.

गेल्या वर्षी बाबांना पहाटे तीनला जाग यायला लागली. मग पाचपर्यंत छताकडे बघत पडायचं, सकाळी चिडचिड, दुपारी पेपर वाचता वाचता मान खाली. डॉक्टरांनी पाच मिनिटांत झोपेची गोळी लिहून दिली. किती वाजता काय पिता, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. संध्याकाळी फिरून आल्यावर साडेसहाला एक मोठा मग. जेवणानंतर साडेनवाला दुसरा, वर जायफळ किसून. जायफळाने झोप येते म्हणे! म्हणजे झोप आणणारं आणि उडवणारं, दोन्ही एकाच कपात.

खरी गोष्ट साधी आहे. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि त्याने झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, एसटीत रुमाल टाकून अडवावी तशी. आणि ते लवकर उठतही नाही. साधारण पाच तासांनी निम्मं उरतं. कुणाच्या शरीरात लवकर, कुणाच्या फार सावकाश. म्हणजे साडेसहाच्या मगातलं निम्मं कॅफीन साडेअकराला बाबांबरोबर अंथरुणात.

"पण मला झोप लागते ना!" लागते हो. लागणं आणि टिकणं यात फरक आहे. 2013 साली अमेरिकेत 12 निरोगी माणसांवर एक अभ्यास झाला. झोपायच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी यंत्राच्या नोंदीप्रमाणे झोप तासाभराहून जास्त कमी झाली. गंमत म्हणजे त्या माणसांना स्वतःला याचा नीट पत्ताच लागला नाही! म्हणून "मला काही होत नाही" ही साक्ष मी मान्य करत नाही. साक्षीदार झोपलेला होता.

आता न्यायाने बोलायचं तर 400 मिलिग्रॅम म्हणजे बरंच झालं, चार कप कडक कॉफीइतकं. आपल्या दुधाळ कपात एवढं नसतं. पण आपण एका कपावर थांबतो कुठे? त्यातून रात्री पाहुणे आले की "चहा नको? मग कॉफी टाकते" हे आहेच. जणू कॉफी म्हणजे चहाची सौम्य बहीण! प्रत्यक्षात कपाला कप लावला तर कॉफीतच बहुधा कॅफीन जास्त. नाही म्हणावं तर यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. आदरातिथ्य करा की, पण कोकम सरबत द्या, हळदीचं दूध द्या. दुसऱ्याची रात्र खर्च करून कसला पाहुणचार?

शेवटी बाबांशी तह केला. दोन कप कायम, पण दोन्ही दुपारी दोनच्या आत. पहिला आठवडा घरात शीतयुद्ध होतं. तीन आठवड्यांनी तीनची जाग रोजची राहिली नाही, कधीतरी येते. गोळीचं काय करायचं ते आता डॉक्टर ठरवतील. या वेळी कॉफीची वेळ कागदावर लिहून नेणार आहे.

परवा मामाला फोनवर बाबा सांगत होते, "हल्ली झोप बरी लागते रे. हवा बदलली ना!"

असो. हवा तर हवा.