रोमिओ-ज्युलिएटचे गुन्हेगार कोण?

खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर दोन प्रकारची तरुण मुले येतात. काही आत्मसाधनेसाठी व शिबिरांसाठी येतात, तर काही घरी कळू न देता जोडीने येतात. दुसऱ्यांकडे पाहून आपण नाके मुरडतो. परंतु आपल्या ओसरीवर त्यांना मोकळेपणाने बोलता आले असते, तर हा घाट त्यांना चोरून चढावा लागला असता का, हे आपण विचारीत नाही.

अशाच एका शिबिरात शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’वर चर्चा ऐकण्याचा योग आम्हांला आला. वडीलधाऱ्यांचा निष्कर्ष झटपट निघाला : पोरांनी आईबापांची अवज्ञा केली, त्याचे फळ भोगले! कोणी सारा दोष मठवासी लॉरेन्सच्या माथी मारला. हे दोन्ही निवाडे आम्हांला मान्य नाहीत.

हे निवाडे नवेही नाहीत. शेक्सपिअरने ज्या काव्यावरून कथा घेतली, त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या काव्याची प्रस्तावना प्रेमिकांना आणि मठवाशांनाच दोषी धरते. शेक्सपिअरने कथा उचलली. हा निवाडा मात्र उचलला नाही. त्याने ज्युलिएटचा बाप आपल्यापुढे उभा केला. मुलगी अद्याप चौदा वर्षांचीही नाही, दोन उन्हाळे थांबा, तिचे मन जिंका, असे तो प्रथम पॅरिसला सांगतो. दुसरा दिवस संपतो न संपतो तोच मुलीला न विचारता गुरुवारी लग्न ठरवतो. ती नकार देताच घराबाहेर काढण्याची धमकी देतो. ती होकाराचे सोंग करताच लग्न बुधवारवर आणतो. आई पाठ फिरवते. दाईदेखील पॅरिसलाच वरायला सांगते. सर्व दारे बंद झाल्यावर मुलीने थडग्याचे दार धरले, तर त्याला अवज्ञा म्हणायचे?

लॉरेन्स निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. दोन घरांचे वैर मिटावे हा त्याचा हेतू चांगला होता. परंतु ज्या दोन उंबरठ्यांवर उभे राहून त्याने बोलायला हवे होते, तेथे तो गेला नाही. साथीच्या संशयाने निरोप्या अडकला आणि गुपितावर रचलेला सारा बेत कोसळला. शेवटी चाहूल लागताच तो ज्युलिएटला थडग्यात एकटी सोडून निघून गेला. त्याचा अपराध लग्न लावण्याचा नव्हे, लपवण्याचा आहे.

आपल्या ख्रिस्तसभेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चोरून लागणारी लग्ने रोखण्यासाठी धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. परंतु त्याच आदेशात, आईबापांच्या संमतीवाचून झालेला विवाह तेवढ्यानेच रद्द ठरतो, हे मत परिषदेने धिक्कारले. विवाह उजेडात व्हावा. मात्र संमती वधूवरांची! १९८३ च्या धर्मसंहितेनुसार तर बळजबरीने वा गंभीर भीतीपोटी दिलेला होकार विवाहच घडवीत नाही.

मग आपल्या घरांत काय चालते? वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी. गोव्यात बामण, चारडी, सुदिर. एकाच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद घेणारे आपण सोयरिकीच्या वेळी पूर्वजांची जात उकरून काढतोच ना? नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’मध्ये माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि जोडप्याला मारून जातात. आपण हळहळलो, पण तो बाप परका आहे, अशी समजूत करून घेऊन घरी आलो. सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची वा समाजाची संमती आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली बजावून सांगावे लागले. ज्यांच्याकडे ट्रेंटचा वारसा आहे, त्यांनी ते न्यायालयाकडून शिकावे?

मुलांची प्रत्येक निवड योग्यच असते, असा आमचा दावा नाही. उतावीळपणाला आवर घालणे आईबापांचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याने ऐकून घेतले, त्यालाच थांबवण्याचा अधिकार पोहोचतो.

नाटकाच्या अखेरीस दोन्ही बाप हात मिळवतात आणि एकमेकांच्या मेलेल्या लेकरांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. सोने त्यांच्याकडे आधीही होते. मुले जिवंत असताना एक शब्द मात्र त्यांच्याकडून खर्च झाला नाही. आपल्या घरातला तो शब्द आजच खर्च करू या.