खुर्ची बाईंची, किल्ल्या कुणाच्या?

मार्च महिना आला की मुलींच्या शाळांना पाहुणे फार. ८ तारखेला ईशस्तवन, स्वागतगीत, हारतुरे. मग कुणीतरी साहेब माइक हातात घेऊन अर्धा तास सांगणार की आजची स्त्री अबला राहिलेली नाही, आणि या शाळेच्या तर मुख्याध्यापिकाच स्त्री आहेत, त्यामुळे इथे सक्षमीकरण आपोआपच होतं. टाळ्या! माझं भांडण त्या 'आपोआप' या शब्दाशी आहे.

मी स्वतः मुलींच्या शाळेत शिकले. पुढे इंजिनिअरिंग केलं आणि आता काही वर्षं सॉफ्टवेअरची हमाली करते आहे. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. तुमच्या नावाचा लॉगिन असणं वेगळं आणि ॲडमिन राइट्स असणं वेगळं. दारावरची 'मुख्याध्यापिका' ही पाटी म्हणजे नुसता लॉगिन झाला. तास कसे लागणार, पैसा कशावर खर्च होणार आणि 'नाही, हे इथे चालणार नाही' असं कोण म्हणणार, हे ज्याच्या हातात आहे तो ॲडमिन. बाईंच्या हातात यातलं काहीच नसेल तर मुली त्यांच्याकडून काय शिकणार? सही कुठे करायची ते!

हे माझं नवीन तत्त्वज्ञान नाही हो. इतिहास बघा.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना आपण पहिल्या मुख्याध्यापिका म्हणतो आणि फोटोला हार घालतो. पण त्यांच्या कामाचा खरा पुरावा १८५५ सालच्या 'ज्ञानोदया'त आहे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिने त्यात केला होता. मोठमोठ्यांना घाम फोडणारा प्रश्न एक शाळकरी पोर विचारते. सुंदर हस्ताक्षर आणि भरतकाम एवढंच शिकवणाऱ्या शाळेतून असा प्रश्न बाहेर पडत नाही.

पुढे १८८४ मध्ये रानडे, भांडारकर वगैरे मंडळींनी पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू केलं. तीच आपली हुजूरपागा. पहिल्या लेडी सुपरिंटेंडेंट होत्या मिस हरफर्ड. १८८७ च्या सुमारास या शाळेवर 'केसरी' आणि 'मराठा'मधून टीकेची झोड उठली. टिळकांचं इतर कार्य कितीही मोठं असो, इथे ते विरुद्ध बाजूला होते. आणि आक्षेप कशावर? मुलींना दिवसभराची शाळा कशाला, थोडे तास पुरेत. इंग्रजी कशाला, घरसंसाराला उपयोगी पडेल ते शिकवा. म्हणजे भांडण चक्क वेळापत्रकावर होतं! विरोधकांना नेमकं कळलं होतं की मुलींचं आयुष्य कुठे बदलतं. आपल्यालाच ते अजून कळत नाही. त्या मंडळींनी तेव्हा मान तुकवली असती, तर पुढे इरावती कर्वे, शांता शेळके जिथे शिकल्या, ती शाळा नुसता शिवणवर्ग होऊन बसली असती.

हे फक्त पुण्यातच झालं असं नाही. कलकत्त्यात रुकैया सखावत हुसेन यांनी १९११ मध्ये नवऱ्याच्या नावाने मुस्लिम मुलींची शाळा सुरू केली आणि स्वतः चालवली. पडदा पाळणाऱ्या घरातल्या मुली शाळेत आणायच्या कशा? म्हणून चहूबाजूंनी बंद मोटारगाडी केली. आत अंधार आणि उकाडा, मुलींना भोवळ येऊ लागली. पालकांची तक्रार. मग पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून धमकीची पत्रं! त्यांनीच हे लिहून ठेवलं आहे. भाषणात 'सक्षमीकरण' म्हणतात ते काम हे असं असतं. दोन्हीकडून शिव्या खायच्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा मुली आणायला पाठवायची.

आता आजचं बघू. महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या नोकऱ्या १९७७ चा कायदा आणि १९८१ च्या नियमावलीने चालतात. मुख्याध्यापकपद साधारणपणे ज्येष्ठतेने मिळतं आणि नेमणूक करते संस्था. ज्येष्ठतेला माझा विरोध नाही, निदान चेअरमनच्या सुनेला थेट खुर्ची मिळत नाही. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना खुर्ची मिळालेली बाई संस्थेशी कशाला भांडेल? तिला पेन्शनचे कागद वेळेवर हवे असतात. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती. किल्ली संस्थेच्या ऑफिसात. तपासणी आली की प्लास्टिकची कव्हरं निघायची, तपासणी गेली की परत कुलूप. मोठ्या बाई पत्रं लिहून थकल्या. उत्तर ठरलेलं, 'मुली बिघडवतील.' अहो, बिघडवल्याशिवाय कॉम्प्युटर शिकता येतो का कधी? आम्ही आज पगार घेऊन तेच करतो!

आता दुसरी बाजू. खुर्चीत बाई आहे म्हणजे ती मुलींच्या बाजूची, असंही नाही. रिबिनीचा रंग, स्कर्टची उंची आणि 'मुलींनी इतक्या मोठ्याने हसू नये' यातच ज्यांची कारकीर्द संपते अशा बाई आपण सगळ्यांनी पाहिल्यात. सासुरवाडीची पूर्वतयारी करून घेणारी शाळा बाईंनी चालवली काय आणि बुवांनी चालवली काय, फरक शून्य.

'मग मुलींची वेगळी शाळा हवीच कशाला?' असं काही मित्र विचारतात. बाहेर जग एकत्रच आहे ना, म्हणे. पण मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेतली जोडणी, बाकं उचलणं, मैदान आखणं, सभा चालवणं, सगळं मुलींच्याच वाट्याला येतं. 'राहू दे, मुलगे करतील' म्हणायला मुलगेच नसतात. मात्र हा फायदा बाईंनी कामं मुलींच्या हाती दिली तरच. शिपाईमामांना हाक मारून करून घेतली तर तोही गेला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या वेळी माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याला जाल तेव्हा देणगीचा चेक देण्याआधी तीन प्रश्न विचारा. संस्थेच्या कार्यकारिणीत बायका किती? बाई स्वतःच्या सहीने किती रुपये खर्च करू शकतात? आणि गणिताचा किंवा खेळाचा तास स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी रद्द करायला त्या 'नाही' म्हणू शकतात का? उत्तरं ऐकून चेकवरचा आकडा ठरवा. चेक देताना अट घातली की संस्थाचालकांना ऐकू येतं, भाषणातली टाळी त्यांना फुकट मिळते.

असो. पटलं तर बघा.