चढावर गाडी गियर का शोधते?

मैत्रिणींनो, "ऑटोमॅटिक गाडी आहे, तुला काही करावं लागत नाही. नुसतं बसायचं आणि चालवायचं," असं म्हणून घरातली चावी आपल्या हाती येते. गावात ते खरंही वाटतं. शाळा, बाजार, बँक, सगळं कसं सुरळीत! पण सुट्टीत सगळं बिऱ्हाड घेऊन वाईहून पसरणीचा घाट चढू लागलं, की तीच शहाणी गाडी वेगळंच वागू लागते. एकदम मोठी घरघर होते, मग आवाज उतरतो, गाडी मंदावते, पुन्हा घरघर. मागून सासूबाई विचारतात, "काही बिघडलं का गं?" आणि शेजारच्या सीटवरून सल्ले सुरू होतात. स्टिअरिंगवर बाई असली तर दोष तिच्या हाताला, नाहीतर गाडीला! बहुतेक वेळा दोष दोघींचाही नसतो, बरं का.

आधी गियरचं काम थोडक्यात पाहू. लहान गियरमध्ये इंजिन जास्त फिरते, गाडी हळू जाते, पण ओढण्याची ताकद भरपूर मिळते. मोठ्या गियरमध्ये वेग मिळतो, पेट्रोल वाचते, ओढ मात्र कमी. साध्या गाडीत कोणता गियर घ्यायचा हे आपण ठरवतो. ऑटोमॅटिकमध्ये ते गाडी ठरवते, आणि तेही मुख्यतः दोन गोष्टींवरून: वेग किती आहे आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे. चढावर वेग पडला, तुम्ही पाय दाबलात, की ती खालचा गियर घेते. थोडा वेग आला, तुम्ही पाय सैल केलात, की तिला वाटते काम झाले. ती वरचा गियर टाकते. पण चढ कुठे संपलाय? पुन्हा दम जातो, पुन्हा खालचा गियर. यालाच गाडी गियर शोधते असे म्हणतात.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना चढाचा अंदाज घेता येतो. तरीसुद्धा वळणापलीकडे आणखी चढ आहे की सपाटी, हे गाडीला कळत नाही. रस्ता तुम्हाला दिसतो. म्हणून घाटात गियरचा कारभार सगळाच तिच्यावर सोपवू नये.

तो आपल्या हाती घ्यायचा कसा? गियरच्या दांड्याजवळ 'डी'शिवाय आणखी अक्षरे असतात. कुठे 'एल' किंवा '२', कुठे 'एस', तर कुठे 'एम' आणि शेजारी अधिक-उणे. चढ सुरू होण्याआधीच खालचा गियर निवडावा, चढ कसा आहे त्याप्रमाणे दुसरा किंवा तिसरा, आणि वर पोहोचेपर्यंत तोच ठेवावा. आवाज वाढेल, त्याला घाबरू नये. पेट्रोल गाडीचा फेऱ्यांचा काटा ३००० ते ३५०० वर राहिला तर इंजिनाचे काही बिघडत नाही. वरच्या गियरमध्ये थरथरत, घुसमटत ओढणे हेच त्याला अधिक जाचक. शिवाय उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. गाडी लहान आणि माणसे पाच असतील, तर अवघड टप्प्यापुरता एसी बंद ठेवलेला बरा.

आता आपली गाडी कोणत्या जातीची ते ओळखा, कारण सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नाहीत.

पहिली जात तेलातून ताकद पोचवणारी. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर दुसराही फिरू लागतो ना? तसेच इथे हवेऐवजी तेल असते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये आणलेल्या ऑटोमॅटिक गियरमध्येही असेच तेल होते. ही गाडी चढावर मऊ चालते, पण लांब चढावर हळू आणि जोर लावून ओढताना ते तेल तापते. तेलासाठी वेगळा इशारा असेल आणि तो दिवा लागला, तर सुरक्षित जागी बाजूला घेऊन 'पी'मध्ये टाकावे आणि इंजिन काही वेळ चालूच ठेवावे, म्हणजे तेल फिरून निवते.

दुसरी जात एएमटी. आपल्याकडे २०१४ साली मारुती सेलेरिओपासून ती मध्यमवर्गीय घरांत आली. हिच्यात क्लच आणि गियर साध्या गाडीचेच, फक्त क्लच दाबायचे आणि गियर बदलायचे काम यंत्र करते. त्यामुळे चढावर थांबलेली गाडी निघताना मागे घसरू शकते. काही गाड्यांत ती क्षणभर धरून ठेवण्याची सोय असते, पण ती दोन-तीन सेकंदांचीच. एक गोष्ट मात्र कधीच करू नये: वाहनांच्या रांगेत ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तोलून धरणे. त्यात क्लच घासतो, जळका वास येतो आणि खर्च मोठा निघतो. थांबताना ब्रेक दाबावा, हँडब्रेक ओढावा. निघताना ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढू लागली की हँडब्रेक सोडावा. पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकण्यापेक्षा जरा जागा मोकळी होऊ द्यावी आणि मगच निघावे.

तिसरी सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुल्यांची. हिच्यात पायऱ्या-पायऱ्यांचे गियर नसतात. चढावर इंजिनाचा एकसुरी मोठा आवाज येत राहतो आणि वेग मागाहून वाढतो. तो तिचा स्वभावच आहे.

दुकानासाठी, नर्सरीसाठी किंवा शेतमालासाठी घरात पिकअप असेल, तर हे सारे अधिकच लागू. आपल्याकडचे बहुतेक पिकअप साध्या गियरचे. टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांत ऑटोमॅटिकही आले आहे. रिकामा पिकअप घाट हसत चढतो. तोच मागे माल भरला की गियर शोधू लागतो. अमेरिकेत कुणाची लेक-जावई पिकअप वापरत असतील, तर त्यांच्या दांड्यावर 'टो-हॉल' असे बटण बहुधा सापडेल. ते दाबले की गाडी खालचा गियर अधिक वेळ धरून ठेवते आणि उतारावरही इंजिनाने वेग आवरते.

आता खरी काळजीची गोष्ट. चढ चुकला तर गाडी फार तर थांबते. उतार चुकला तर जिवावर बेतते. 'डी'मध्ये ठेवून उतरताना वेग वाढतो आणि पाय सतत ब्रेकवर राहतो. ब्रेक तापतात, तेल उकळते आणि पेडल मऊ पडून खोल जाते. तेव्हा ब्रेक लागेनासे होतात. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम ऑटोमॅटिकलाही पाळावा: ज्या गियरने घाट चढलात, त्याच गियरने उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवते. ब्रेक मधूनमधून, नेमका दाबायचा आणि सोडायचा. पेट्रोल वाचते म्हणून 'एन'मध्ये टाकून उतरणे किंवा इंजिन बंद करणे, हे कुणीही सांगितले तरी ऐकू नये, मग सांगणारे घरचेच का असेनात!

आणखी थोड्या सूचना:

घाटात ओव्हरटेक करण्याची घाई नको. पाय दाबल्यावर गाडीला खालचा गियर घ्यायला वेळ लागतो, आणि त्याच क्षणी समोरून कुणी आले तर पंचाईत.

उतारावर गाडी उभी करताना आधी हँडब्रेक ओढावा, पायातला ब्रेक हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, आणि मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी' टाकावे. एएमटीत 'पी' नसेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गियरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे. मुले आत असताना तर हे विसरूच नये.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, असे २०१७ च्या वाहनचालन नियमांतही आहे. तेव्हा चढताना मागून किंवा समोरून कुणी हॉर्न वाजवला म्हणून ओशाळून कडेच्या मातीत उतरू नका.

घाटाच्या आदल्या रविवारी, सकाळी रस्ते रिकामे असताना, गावाजवळच्या एखाद्या लहानशा चढावर 'एम' किंवा 'एल' वापरून पाहा. दोनदा थांबून निघा, दोनदा उतरा. एवढ्या तासाभराच्या सरावाने पुढच्या खेपेला मागून "काही बिघडलं का गं?" असा प्रश्न आला, तर पुढचं वळण पाहत शांतपणे सांगता येईल, "नाही हो आई, गियर मीच धरून ठेवलाय."

पुढच्या आठवड्यात: पावसाळ्यापूर्वी टायर आणि वायपर कसे तपासावेत.