मोकळी गाय लंगडत नाही?



‘गाय मोकळी सोडा, लंगडणे संपेल’ हा गेल्या अंकातील लेखाचा दावा पुराव्यावर टिकत नाही. ब्रिटनमधील ३७ दुग्धफार्मांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभर आत ठेवलेल्या कळपांत सुमारे ३९ टक्के, तर चरायला जाणाऱ्या कळपांत सुमारे १५ टक्के गायी लंगडत होत्या. आत ठेवलेल्या गायीही बांधलेल्या नव्हत्या. फरक बांधण्या-सोडण्याचा नव्हता, कुरणाचा होता. ओल्या, कठीण काँक्रीटवर तासन्‌तास उभे राहिल्याने तळव्याला जखमा होतात आणि शेण-मूत्राच्या चिखलात खूर मऊ पडून संसर्गाला वाट मिळते.

‘तिकडच्या गायी वेगळ्या’ हा आक्षेप येईल. पण आपल्या अनेक संकरित गायींत होल्स्टीनचेच रक्त आहे, आणि खुराकाचा मारा करून चारा कमी घातला की पोटातील आम्लता वाढून खुरांवर होणारा परिणाम देश पाहत नाही. आपल्या मुक्त गोठ्यात मुरमाची जमीन कोरडी असेल तर लाभ नक्की आहे. पावसाळ्यात निचरा नसेल तर तोच गोठा चिखलाचा खड्डा होतो. बांधलेल्या गायीचा लंगडेपणा तर अनेकदा दिसतच नाही, कारण ती चालतच नाही! त्यामुळे बांधीव आणि मुक्त गोठ्यांची लेखातील तुलनाच कच्ची ठरते. खुरसाळणीचा तर त्यात उल्लेखही नाही. गोठा बदलण्याचा खर्च शेतकऱ्याच्या गळी उतरवण्यापूर्वी लेखकाने हे सांगायला हवे होते.

— एक वाचक, बारामती