मोटार सुरू करण्याआधी मूठभर माती हातात घ्या

पाणी कधी द्यायचं हे आपल्याकडे पीक ठरवत नाही, लाईट ठरवते. रात्री लाईट आली की ऑटो स्टार्टर मोटार सुरू करतो आणि लाईट जाईपर्यंत पाणी चालूच राहतं. उद्याचा भरवसा नाही, आजच देऊन टाकू, ही धास्ती मला कळते. २०१२-१३ च्या दुष्काळात पैठण, जालना भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांचा पाणी देताना हात आखडणार कसा?

पण तीच मोसंबी पाणी जास्त झालं तरी जाते. बुंध्याशी सतत ओल राहिली की डिंक्या येतो. कन्नड, फुलंब्रीकडच्या अद्रकवाल्यांना कंदसड काय असते ते मी वेगळं सांगायला नको. फसगत होते ती इथेच. पाणी जास्त झालेलं झाडही तहानलेल्यासारखंच मलूल दिसतं. एका उन्हाळ्यात बागेतली पानं पिवळी पडली म्हणून मी पाणी वाढवत गेलो. शेवटी बुंध्यापाशी खणलं, तर मुळं काळी पडलेली आणि मातीला कुबट वास. त्या बागेतली काही झाडं परत उभी राहिली नाहीत.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. दोन्ही असलेल्या मातीच्या अवस्थेला आपल्या आज्या-पणज्यांनी ‘वाफसा’ म्हटलं. पेरणीला आपण वाफसा बघतो, मग पाणी देताना का बघू नये?

आपली काळी माती वरून भेगाळते आणि आत ओली असते, म्हणून वरून अंदाज बांधू नका. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर गिरमिटाने फूटभर खोलीवरची माती काढा आणि मुठीत दाबा. बोटांना चिखल लागला तर मोटार बंद ठेवा. गोळा टिकला आणि हाताला नुसता गारवा लागला तर वाफसा आहे, अजून थांबा. मूठ उघडताच गोळा भुगा झाला तर पाणी द्या. मुरमाड रानात गोळा नीट होतच नाही. तिथे पाणी थोडं थोडं पण वरचेवर द्यावं लागतं.

आकडा हवा असेल तर टेन्शिओमीटर आहे. पाणी भरलेली नळी, खाली सच्छिद्र मातीचा कप, वर घड्याळ. माती सुकते तशी ती कपातलं पाणी ओढते आणि काटा चढतो. काटा शून्याजवळ म्हणजे जमीन तुडुंब. हलक्या रानात काटा थोडा चढला तरी पाणी द्यावं, भारी रानात जास्त चढू द्यावा. एक फूटभर खोल आणि दुसरा दोन फुटांवर बसवा. खालचा काटा शून्याकडे झुकला, तर पाणी मुळांच्या खाली वाया चाललंय. काळ्या मातीला भेग पडून कप उघडा पडला तर आकडा खोटा येतो, म्हणून कपाभोवतीची माती अधूनमधून दाबत जा.

पाण्याच्या नियोजनाचं शिक्षण देणारी वाल्मी ही संस्था १९८० पासून आपल्याच कांचनवाडीत आहे. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

यंत्र येईल तेव्हा येईल. यावेळी लाईटच्या पाळीआधी, अंधार पडायच्या आत, रानात तीन ठिकाणची माती काढा: चढावर, मधे आणि उताराला. काय दिसलं ते तारीख घालून वहीत लिहा. उताराची माती हाताला चिकटली, तर त्या भागाचा व्हॉल्व्ह आज रात्री उघडू नका.