अंगावरून पांढरं जातं, हे ऐकून घ्या!

भगिनींनो, एचआयव्हीच्या औषधांसाठी एआरटी सेंटरवर गेलो की गोळ्या चुकल्या का, खोकला आहे का, व्हायरल लोड कधी झाला, हे सगळं विचारतात. अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, हे सहसा कुणी विचारत नाही. आमचं भांडण याच गप्पपणाशी आहे.

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात बऱ्याच रोगजंतूंचा टिकाव लागत नाही. हे जिवाणू घटले की गार्डनरेला नावाचा जिवाणू आणि त्याच्या जातभाईंचं फावतं. पातळ स्राव, माशासारखा वास सुरू होतो; पुष्कळ जणींना तर काहीच जाणवत नाही. या आजाराचं नाव बॅक्टेरियल व्हजायनोसिस. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना तो जास्त होतो आणि पुन्हा पुन्हा छळतो.

आणि बोल बाईलाच! 'स्वच्छ राहत जा' म्हणतात. मग ती साबणाने, इंटिमेट वॉशने आतून धुते आणि उरलेसुरले चांगले जिवाणूही घालवून बसते. आमच्यातल्या विधवांना तर बोलायचीच चोरी: 'नवरा नाही, मग हे कशानं?' हा प्रश्न विचारणाऱ्यांना लाज वाटायला हवी. जिवाणूंच्या बिघाडावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही.

हे चांगले जिवाणू किरकोळ नाहीत. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीपासून बचावासाठी टेनोफोविर या औषधाचं योनिमार्गात लावायचं जेल तपासलं गेलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, लॅक्टोबॅसिलस भरपूर असलेल्या स्त्रियांमध्ये जेलमुळे लागण 61 टक्क्यांनी घटलेली दिसली, इतरांमध्ये फक्त 18 टक्क्यांनी. गार्डनरेला औषधच फस्त करत होता. (हे जेलपुरतं आहे. पोटात घ्यायची गोळी कुणीही थांबवू नये.)

या त्रासासाठी सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधांचं हिरवं किट मिळतं, एकदाच घ्यायचं. त्याने बरं वाटतं, पण अनेकींना काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. ऑस्ट्रेलियातल्या 2025 च्या अभ्यासात जोडीदार पुरुषालाही औषध दिलं, तेव्हा 12 आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण 63 वरून 35 टक्क्यांवर आलं. म्हणजे एकट्या बाईलाच गोळ्या देऊन भागत नाही. नवऱ्यालाही बोलवा!

आतून तपासायला आणखी एक कारण आहे: एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना अशा बायकांना पंचविशीपासून त्याची तपासणी सांगते. मग ती एआरटीच्या तारखेलाच का होऊ नये? त्यासाठी वेगळी चिठ्ठी, वेगळी रांग, बुडालेली मजुरी कशाला? आमची मागणी सरळ आहे: प्रत्येक एआरटी सेंटरवर पडद्याआड, बाई डॉक्टर किंवा नर्सच्या हातून आतली तपासणी आणि ही कॅन्सरची तपासणी त्याच दिवशी व्हावी.

एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभाव आहे. पुढच्या तारखेला कुणी विचारायची वाट पाहू नका, त्रास स्वतःहून सांगा. तपासायला नकार मिळाला, तर कारण लेखी मागा आणि सोबत आणखी दोघींना घेऊन जा.