व्हीपीएनचा 'नंबर वन' कोण ठरवतं? लिंक टाकण्याआधी हे वाचा



"सर, व्हीपीएनचं अफिलिएट चालू करू का?" महाड-पोलादपूरकडच्या मुलांकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. कुणी रायगडाचे, आंबेनळी घाटाचे व्हिडिओ टाकतो. कुणाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि जोडीला चॅनेल. थोडे सबस्क्रायबर जमले की मेल येतो: आमच्या व्हीपीएनची लिंक डिस्क्रिप्शनमध्ये टाका, प्रत्येक विक्रीमागे कमिशन घ्या. मलाही येतात असे मेल.

माझं मत आधीच सांगतो. कमिशन कमावण्यात वाईट काही नाही, आपला अर्धा बाजार कमिशनवरच चालतो. पण व्हीपीएनच्या धंद्यात मालक कोण आणि कौतुक करणाऱ्याला पैसे कोण देतं, या दोन्ही गोष्टी ग्राहकापासून लांब ठेवलेल्या असतात. तशा धंद्यात आपलं नाव घालायचं तर आधी तो आतून बघून घ्या.

व्हीपीएन म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. महाड एमआयडीसीत ऑफिसला असलेल्यांना एक व्हीपीएन माहीत असतं, घरून कंपनीच्या सर्व्हरला जोडायला आयटीवाले देतात ते. ते वेगळं. व्हिडिओतून विकलं जातं ते तुमच्या-आमच्यासाठी. कशेडीचा बोगदा डोळ्यांसमोर आणा. तुमची गाडी बोगद्यात शिरली की डोंगरावरून ती दिसत नाही. तसं तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे जिओ-एअरटेलला दिसत नाही. पण बोगदा ज्याचा आहे त्याला आत आलेली आणि बाहेर पडलेली प्रत्येक गाडी दिसते. म्हणजे व्हीपीएन घेणं हे भरवसा एकाकडून काढून दुसऱ्याकडे देणं आहे. म्हणून हा दुसरा कोण, हा सगळ्यात मोठा प्रश्न.

आता हा दुसरा कोण ते बघू. इस्रायलमधून २०११ मध्ये क्रॉसरायडर नावाची कंपनी सुरू झाली. ब्राउझरला जोडायची छोटी एक्सटेन्शन्स बनवायचं तिचं तंत्र होतं. ते तंत्र वापरून लोकांच्या स्क्रीनवर नको त्या जाहिराती घुसवल्या गेल्या, इतक्या की अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याला नकोशा सॉफ्टवेअरच्या यादीत टाकलं. २०१७ मध्ये या कंपनीने सायबरघोस्ट हे व्हीपीएन विकत घेतलं. २०१८ मध्ये नाव बदलून केप टेक्नॉलॉजीज केलं. नाव बदलण्यामागे जुन्या कामाची ओळख पुसणं हे एक कारण होतं, हे कंपनीने स्वतःच सांगितलं. पुढे झेनमेट घेतलं, मग प्रायव्हेट इंटरनेट अॅक्सेस, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएन, ९३.६ कोटी डॉलरला. त्या वेळच्या भावाने जवळपास ६,९०० कोटी रुपये!

इथपर्यंत ठीक आहे. कंपन्या कंपन्या विकत घेतात. गंमत पुढे आहे. त्याच २०२१ मध्ये केपने वेबसेलेनीज नावाची आणखी एक कंपनी सुमारे १४.९ कोटी डॉलरला घेतली. ही कंपनी व्हीपीएन बनवत नव्हती. ती व्हीपीएनमेंटॉर आणि विझकेस या साइट चालवत होती, म्हणजे 'कुठलं व्हीपीएन चांगलं' याचे रिव्ह्यू लिहीत होती. परीक्षेला बसणाऱ्यानेच परीक्षक विकत घेतला. आता त्या साइटवर मालकीची नोंद आहे, तेवढं श्रेय देतो. पण 'बेस्ट व्हीपीएन' सर्च करून आलेल्या किती जणांची नजर त्या ओळीवर जात असेल? केप एकटी नाही. अमेरिकेतल्या झिफ डेव्हिस या कंपनीकडे आयपीव्हॅनिश हे व्हीपीएन आहे, आणि पीसीमॅग हे तंत्रज्ञानाचे रिव्ह्यू छापणारं प्रकाशनही.

मुंबई-गोवा हायवेवर खासगी बस रात्री जेवायला एका ठराविक हॉटेलवरच का थांबते, हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण तिथे फुकट असतं. नवा प्रवासी मात्र समजतो की इथलं जेवण चांगलं म्हणून बस थांबली. व्हीपीएनचे 'टॉप टेन' बरेचदा याच हिशोबाने लागतात, आणि कधीकधी हॉटेल आणि बस दोन्ही एकाच शेठची असतात.

फुकटच्या अॅपचं तर विचारूच नका. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचं व्हीपीएन 'तुमचा डेटा सुरक्षित' म्हणून वाटलं गेलं, आणि लोक कुठली अॅप किती वेळ वापरतात ही माहिती त्यातून फेसबुककडे जात राहिली. ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने जुलै २०२३ मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०२५ मध्ये संशोधकांनी प्ले स्टोअरवरची फुकट व्हीपीएन अॅप तपासली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने असलेली कित्येक अॅप एकाच घरची निघाली. कोड सारखा, आणि काहींमध्ये कोडात लिहून ठेवलेला पासवर्डही तोच. ही अॅप मिळून ७० कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झाली होती. महाडच्या बाजारात एका मालकाने चार पाट्या लावल्या तर आठवड्यात गावभर होईल. तिकडे हे कळायला संशोधक लागले.

ज्यांचं ई-सेवा केंद्र, झेरॉक्स-डीटीपी किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यांनी इथे जरा थांबा. तुमच्या कॉम्प्युटरवर लोकांचं आधार येतं, सातबारा येतो, बँक पासबुकाचे फोटो येतात. त्याच मशीनवर कुणीतरी आयपीएल बघायला फुकट व्हीपीएन टाकून ठेवलं असेल तर आज संध्याकाळी काढून टाका.

'सार्वजनिक वायफायवर तुमचं बँक खातं साफ होईल' ही भीती या धंद्यातलं सगळ्यात खपणारं वाक्य आहे. खरं म्हणजे बँकेची आणि यूपीआयची अॅप स्वतःच माहिती कुलूप लावून पाठवतात, व्हीपीएन असो वा नसो. मे २०१९ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने नॉर्डव्हीपीएनची टीव्हीवरची जाहिरात याच कारणावरून थांबवली होती. वायफायचा धोका वाढवून दाखवला, असा ठपका होता. आपल्या मराठी व्हिडिओंतही तीच भीती ऐकू येते, फक्त 'काय मंडळी' म्हणून सुरुवात होते.

लपवलेल्या प्रमोशनने काय होतं याचं आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ते शेअर बाजारातलं आहे. मुंबईतल्या सेबीने २ मार्च २०२३ ला साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबद्दल आदेश काढला. यूट्यूब चॅनेलवर या कंपनीविषयी खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, ते जास्त लोकांना दिसावेत म्हणून पैसे ओतले गेले. छोटे शेअरहोल्डर २,१६७ वरून ५५,३४३ वर गेले, आणि आधीपासून शेअर धरून बसलेल्यांनी चढ्या भावात विकून घेतले. व्हीपीएनमध्ये कुणाचे असे पैसे बुडत नाहीत, मान्य. पण बोलणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे हे बघणाऱ्याला ठाऊक नव्हतं, ते दोन्हीकडे सारखंच.

यावर मुलं म्हणतात, "सर, पोलादपूरच्या एवढ्याशा चॅनेलला कोण विचारायला येतंय?" कायद्याचं बोलायचं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलामण करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. दिल्लीहून कुणी पोलादपूरला येईल असं मलाही वाटत नाही. पण तुमचा बघणारा कोण आहे? वाडीतला, भावकीतला, मुंबईत नोकरीला असलेला गाववाला. शिमग्याला भेटतो तो. एक्सप्रेसव्हीपीएनच्या मालकाला आपला ग्राहक कधीच भेटत नाही, तुम्हाला भेटतो. उद्या तुम्ही होम-स्टे काढाल, कोकमाचं दुकान टाकाल, तेव्हा पहिली ऑर्डर याच माणसाकडून यायची आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या कमिशनसाठी त्याच्यापासून गोष्ट लपवणं हा मला आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो.

तरीही लिंक टाकायची असेल तर टाका, पण स्वतःच्या पैशाने काही महिने वापरलेल्याच गोष्टीची. कंपनीची मालकी कुणाकडे आहे ते आधी शोधा. सापडली नाही तर सोडून द्या, दुसरं काहीतरी विकू. आणि सांगायचं ते व्हिडिओतच सांगा, बोलून आणि स्क्रीनवर लिहून, डिस्क्रिप्शनच्या तळाशी नको. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी काढलेल्या सूचनाही हेच म्हणतात, आणि व्हिडिओ ज्या भाषेत त्याच भाषेत सांगा असंही म्हणतात. मराठी व्हिडिओत कोपऱ्यात बारीक इंग्रजी हॅशटॅग टाकून काम भागत नाही. मी सुचवतो ते वाक्य असं, पहिल्या मिनिटात: "ही जाहिरात आहे. या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. कंपनी अमुक यांच्या मालकीची आहे." कंपनीला हे वाक्य आधी मेलवर पाठवा आणि उत्तर काय येतं ते मला कळवा.